कोट आणि चिमटा : बालपणाच्या दोन कथांची घडण

हातात खाऊचे चार पैसे आहेत, सण तोंडावर आला आहे, आणि ते पैसे स्वतःच्या जिभेवर न घालवता मूल घरच्या माणसासाठी एक वस्तू घेऊन येते. एवढ्याच घटनेवर भारतीय भाषांतल्या दोन अतिशय वाचल्या गेलेल्या कथा उभ्या आहेत. एक म्हणजे साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधील ‘बंधुप्रेमाची शिकवण’ ही रात्र (प्रकरण), दुसरी प्रेमचंदांची ‘ईदगाह’. दोन्ही एकाच काळातल्या आहेत. ‘श्यामची आई’चा मोठा भाग गुरुजींनी ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत नाशिकच्या तुरुंगात लिहिला आणि पुस्तक १९३५ मध्ये निघाले. ‘ईदगाह’ १९३३च्या ऑगस्टमध्ये ‘चाँद’ मासिकात आली. घटना जवळजवळ एकच आणि काळही तोच असल्यामुळे या दोन कथा शेजारी ठेवल्या की कथनाची तंत्रे फार स्पष्ट दिसू लागतात. जे वेगळे उरते ते सारे सांगण्याच्या रीतीतून आलेले असते.

या दोन कथा शेजारी ठेवायला भिवंडीसारखे गाव दुसरे नाही. ठाणे जिल्ह्यातले हे यंत्रमागांचे शहर उत्तर कोकणात येते, म्हणजे श्यामच्या पालगड या गावाशी त्याचे नाते मातीचे आणि पावसाचे आहे. दुसरीकडे १८५७ नंतरच्या काळात उत्तर प्रदेशातून बाहेर पडलेली विणकर कुटुंबे मालेगावप्रमाणे भिवंडीतही स्थिरावली. त्यांच्यामागून त्या मुलखातले कारागीर आणि कामगार येतच राहिले. प्रेमचंदांचे लमही हे गाव बनारसजवळचे, आणि ‘ईदगाह’मधल्या हमीदची गोष्ट त्याच बाजूच्या खेड्यांची वाटते. त्यामुळे भिवंडीत मराठी शाळेत जाणारे मूल श्यामला ओळखते, उर्दू किंवा हिंदी शाळेत जाणारे मूल हमीदला ओळखते, आणि दोघांच्या गल्लीत मागांचा खडखडाट तोच असतो. पण या दोन गोष्टी एकमेकींच्या किती जवळच्या आहेत, हे दोघांपैकी एकालाही सहसा कोणी सांगत नाही.

‘श्यामची आई’तील प्रकरणाला कथा म्हणावे का, हा प्रश्न आधी निकालात काढला पाहिजे. पुस्तकात ४२ रात्री आहेत. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाली की श्याम मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो, आणि प्रत्येक रात्रीला स्वतंत्र प्रसंग, स्वतंत्र पेच आणि स्वतंत्र शेवट असतो. मागची रात्र न वाचताही पुढची कळते. म्हणूनच पाठ्यपुस्तकांतून यातल्या रात्री सुट्या करून वाचल्या गेल्या. कीर्तनातल्या आख्यानासारखी, पण स्वतःच्या पायावर उभी असलेली ही कथाच आहे.

कोटाची गोष्ट अशी. श्याम दापोलीला इंग्रजी शाळेत शिकतो. सुटीत घरी असताना धाकट्या भावाने नव्या कोटासाठी केलेला हट्ट आणि आईने त्याची घातलेली समजूत त्याच्या कानावर पडते. वडील कामासाठी दापोलीला आले की त्याच्या हातावर खाऊसाठी काही पैसे ठेवतात. तो खाऊ खात नाही, पैसे साठवतो. गणेशचतुर्थी जवळ येते तेव्हा कापड घेतो आणि भाऊ समोर नसताना अंदाजानेच शिंप्याकडून कोट शिवून घेतो. मग भर पावसात पालगडची वाट धरतो. वाटेतला पऱ्ह्या, म्हणजे ओढा, तुडुंब भरलेला असतो. तो ओलांडून, भिजून घरी पोचतो आणि कोट भावाला देतो. आईच्या मनात आनंदाबरोबर शंकाही येते, की पैसे आणले कुठून?

चिमट्याची गोष्ट एका सकाळची. रमजानचे तीस रोजे संपून ईद उजाडली आहे. चार-पाच वर्षांचा हमीद म्हातारी आजी अमीना हिच्याजवळ राहतो. गावातली पोरे तीन कोसांवरच्या ईदगाहकडे निघतात. मोहसीन, महमूद, नूरे, सम्मी यांच्या खिशात पैसे खुळखुळतात, हमीदजवळ तीनच पैसे. जत्रेत मित्र पाळण्यात बसतात, मातीची खेळणी घेतात, मिठाई खातात. हमीद लोखंडी सामानाच्या दुकानाशी थांबतो. आजीजवळ चिमटा नाही, तव्यावरची पोळी उचलताना तिची बोटे भाजतात, हे त्याला आठवते. दुकानदार सहा पैसे सांगतो, हमीद घासाघीस करून तीन पैशांत चिमटा घेतो आणि बंदुकीसारखा खांद्यावर टाकून परत येतो.

पहिला आणि सगळ्यात खोल फरक निवेदकाचा आहे. कोटाची गोष्ट श्याम स्वतः सांगतो, पण ज्याने कोट शिवला तो श्याम आणि जो सांगतो आहे तो श्याम, हे दोघे एक नाहीत. सांगणारा मोठा झाला आहे आणि त्याची आई आता या जगात नाही. गुरुजींची आई १९१७ मध्ये गेली. लिहिताना ते तेहेतीस वर्षांचे होते आणि तुरुंगात होते. आत्मकथनपर निवेदनात असे दोन ‘मी’ नेहमीच असतात, एक अनुभवणारा आणि एक आठवणारा. गुरुजींनी या दोघांमधले अंतर लपवले नाही, उलट आश्रमातल्या श्रोत्यांची चौकट उभारून ते ठळक केले. श्रोते मध्येच बोलतात, सांगणाऱ्याचा गळा दाटून येतो, आणि वाचकाला सतत जाणवत राहते की ज्या दारात श्याम भिजून उभा आहे ते दार आता त्याला कधीच उघडणार नाही. प्रसंग आनंदाचा आहे, तरी त्याच्यावर पुढच्या मृत्यूची सावली आहे.

प्रेमचंदांनी याच्या अगदी उलट वाट धरली. त्यांचा निवेदक तृतीयपुरुषी आणि सर्वज्ञ आहे. तो हमीदच्या मनात शिरतो, अमीनाच्या मनात शिरतो, पोरांच्या गप्पांत रमतो. कथेच्या सुरुवातीलाच तो वाचकाला एक गोष्ट सांगतो जी हमीदला ठाऊक नाही. हमीदचा बाप पटकीने गेला आणि आई झिजत झिजत मेली. हमीदला मात्र सांगितले आहे की अब्बाजान पैसे कमवायला गेलेत आणि अम्मीजान अल्लाच्या घरून चांगल्या चांगल्या वस्तू आणायला गेली आहे. तो या आशेवर खूश आहे. वाचकाला कळते आणि पात्राला कळत नाही, या अंतराला नाट्यगत उपरोध म्हणतात, आणि ‘ईदगाह’चा सारा भार याच एका खांबावर आहे. पुढे जत्रेत हमीद हसतो, वाद घालतो, जिंकतो, तेव्हा तेव्हा वाचकाच्या मनात ती सुरुवातीची माहिती जागी असते. प्रेमचंद तिची आठवण पुन्हा पुन्हा करून देत नाहीत. त्याची गरजच नसते.

दोन्ही कथांच्या मुळाशी आईचे नसणे आहे, हे इथे ध्यानात येते. हमीदची आई गेली आहे आणि त्याला ते माहीत नाही. श्यामची आई गोष्टीत जिवंत आहे, पण गोष्ट सांगणाऱ्याला तिचे जाणे पुरते माहीत आहे. एका कथेत न कळण्यातून करुणा येते, दुसरीत कळण्यातून. पुढचे सगळे फरक या मुळातून फुटतात.

काळाची मांडणी पाहावी. ‘ईदगाह’ पहाटे सुरू होते आणि पोरे अकराच्या सुमाराला गावात परततात. एवढ्या थोडक्या वेळात लेखक कुठेही घाई करत नाही. वाटेतले मोठमोठे वाडे, आंब्यांच्या बागा, पोलिसांविषयीच्या आणि जिन्नांविषयीच्या पोरांच्या कल्पना, नमाजाच्या रांगा एकदम वाकतात आणि एकदम उठतात ते दृश्य, सगळे सावकाश येते. चिमट्याची खरेदी मात्र काही क्षणांत उरकते. निर्णय झटक्यात झाला असे दाखवायचे म्हणून त्याच्याभोवतीचा काळ ताणून घेतला आहे. कोटाच्या गोष्टीत हे उलटे होते. तिथे निर्णय लवकर होतो आणि तो पुरा व्हायला फार दिवस लागतात. ही बचतीची गोष्ट आहे, आणि बचत म्हणजे रोज नव्याने मोडता येईल असा निश्चय. वडील येतात, पैसे देतात, श्याम ते खर्चत नाही. या पुनरावृत्तीतूनच मुलाचा स्वभाव उभा राहतो. चार वर्षांच्या मुलाकडून असा दीर्घ निश्चय पटला नसता, आणि इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या मुलाचा एका क्षणाचा त्याग फारसा हलवून गेला नसता. दोन्ही लेखकांनी मुलाच्या वयाला साजेल असाच काळ निवडला आहे.

अडथळाही दोघांनी वेगवेगळ्या जागी ठेवला. श्यामपुढचा अडथळा बाहेरचा आहे. पाऊस, चिखल, भरलेला पऱ्ह्या. कोकणात पावसाळ्यात गाव आणि तालुका यांच्यामध्ये एखादा ओहोळ आडवा आला की वाटच संपते, हे तिथल्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. मोहाशी श्यामचे भांडण होते ते आधीच, दापोलीत, गुपचूप संपलेले असते. हमीदचा अडथळा आतला आणि सोबत्यांचा आहे. पाळण्यात एक पैसा, खेळण्याला दोन पैसे. तीन पैशांत एवढेच बसते आणि मग काहीच उरत नाही. त्यात मोहसीन रेवडी पुढे करतो आणि हमीदने हात पुढे केला की ती आपल्याच तोंडात टाकतो. प्रेमचंदांना इथे लबाडी करता आली असती, हमीदला मोह होतच नाही असे दाखवता आले असते. त्यांनी तसे केले नाही. हमीद खेळण्यांकडे हावरेपणाने पाहतो, क्षणभर हातात मिळावे म्हणून हात पुढे करतो, मित्र देत नाहीत, आणि तोंडाने मात्र तो म्हणतो की ही मातीचीच तर आहेत, पडली की फुटणार. लहान मुलांत आणि मोठ्यांतही दिसणारी ही मनाची समजूत त्यांनी नेमकी टिपली आहे. हमीद संत नाही, म्हणून तो खरा वाटतो.

वस्तूंच्या निवडीत दोघांचे कौशल्य सारखेच आहे. चिमटा ही मुलाने कधी मागावी अशी वस्तू नाही. ती स्वयंपाकघरातली, म्हातारीच्या हातातली, विस्तवाजवळची. म्हणून मुलाच्या हातात ती विजोड दिसते, आणि तो विजोडपणा कथेत दोनदा उपयोगी पडतो. पहिल्यांदा विनोदासाठी. मित्र हसतात, मग हमीद चिमट्याला खांद्यावरची बंदूक करतो, फकिराचा चिमटा करतो, असा बहाद्दर करतो की त्याच्यापुढे मातीचा शिपाई आणि मातीचा वकील टिकत नाहीत. खेळण्यांच्या या भांडणात चिमटा जिंकतो आणि ज्यांनी हसावे तीच पोरे आपली खेळणी देऊन घटकाभर चिमटा हातात मागतात. दुसऱ्यांदा विजोडपणा येतो तो शेवटी, अमीनाच्या दारात. तिथे हसू येत नाही. कोटाचे तसे नाही. कोट वेडावाकडा नाही, तो हवाच होता, मागितलेलाच होता. त्याचे सौंदर्य मापात आहे. अंदाजाने शिवलेला कोट भावाच्या अंगाला बसेल की नाही, या प्रश्नात थोरल्या भावाने धाकट्याला किती बारकाईने पाहिले आहे ते सारे येते. गुरुजींनी प्रेमाबद्दल पानभर लिहिले असते तरी शिंप्याच्या दुकानातल्या या क्षणाएवढे ते बोलले नसते.

संवाद आणि विनोद यांत प्रेमचंद उघडच पुढे आहेत. ‘ईदगाह’चा मधला भाग जवळजवळ नाटकासारखा आहे. प्रत्येक पोराचे बोलणे वेगळे, प्रत्येकाचा आवेश वेगळा, आणि परतल्यावर खेळण्यांची जी वाताहत होते तिचे वर्णन तर छोट्या शोककथांची थट्टा वाटावी इतके रंगले आहे. भिश्ती जमिनीवर आपटतो, वकील पडतो, शिपायाची तंगडी मोडते. हे सगळे हसवणारे आहे, पण त्याचा उपयोग संरचनेचा आहे. मातीची खेळणी फुटून गेल्यावर चिमटा एकटा उरतो, आणि मग लेखक अमीनाकडे वळतो. हसणाऱ्या वाचकाला बेसावध गाठण्याची ही युक्ती आहे. गुरुजींच्या कथेत असा विनोद नाही. तिथे शब्द भिजलेले आहेत. ईश्वराची आठवण, आईच्या पुण्याईवरचा विश्वास, श्रोत्यांना घातलेली साद, छोटी छोटी वाक्ये, उद्गार. ही तुरुंगात, घाईने, आतून उसळून आलेली बोली आहे. तिच्यात काटछाट नाही, पण खोटेपणाही नाही. पऱ्ह्यासारखे शब्द जिथे येतात तिथे ती एकदम जमिनीवर येते आणि फार चांगली होते.

घरी परतण्याचे दृश्य दोन्ही कथांचा कळस आहे, आणि तिथे दोन्ही लेखकांनी एकच तंत्र वापरले आहे. मोठे माणूस आधी रागावते किंवा शंका घेते. अमीना छाती बडवते, की हा कसला बेअक्कल मुलगा, दुपार होत आली, काही खाल्ले नाही की प्यायले नाही, आणला काय तर चिमटा! श्यामची आई विचारते, पैसे कुठले? वाचकाला उत्तर आधीच ठाऊक असते, म्हणून हा रागाचा क्षण त्याला असह्य होतो आणि उत्तर येताच डोळे भरतात. रहस्य राखून जो परिणाम साधला नसता तो रहस्य आधीच फोडून साधला आहे. फरक असा की आईच्या शंकेत नीतीचा प्रश्न आहे. देणगी कितीही गोड असो, ती चोरीची किंवा उसनवारीची असता कामा नये. अमीनाच्या रागात भुकेचा प्रश्न आहे, पोराच्या रिकाम्या पोटाचा. एका घरात अब्रू जपायची आहे, दुसऱ्या घरात जीव.

दोन्ही लेखकांनी शेवटी हात सैल सोडायला हवा होता, असे म्हणण्यासारख्या जागाही आहेत. प्रेमचंद शेवटी स्वतः पुढे येऊन सांगतात की लहान हमीद म्हाताऱ्याच्या भूमिकेत गेला आणि म्हातारी अमीना लहान मुलगी झाली. ही उलटापालट इतकी सुंदर आहे की ती नुसती दिसली असती तरी पुरे होते. शिवाय जत्रेतल्या वादात चार-पाच वर्षांचा हमीद कधी कधी कसलेल्या वकिलासारखा बोलतो, तिथे लेखकाचा आवाज ऐकू येतो. गुरुजींच्या बाबतीत हा आक्षेप जुनाच आहे. १९४५च्या पुढे मराठीत नवकथा आली, तिला असा उघड उपदेश आणि उघड अश्रू मानवले नाहीत. आक्षेप बरोबर आहे, पण तो पुस्तकाच्या हेतूला ओलांडून जातो. चौकटीतले श्रोते आहेतच यासाठी की गोष्ट सांगून झाल्यावर काहीतरी हाती द्यावे. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये या पुस्तकावर चित्रपट केला आणि त्याला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पडद्यावर गेल्यावरही या गोष्टींचा जीव प्रसंगांतच राहिला.

एक तंत्र मात्र दोन्ही कथांत नाही. मुलाची स्वतःची भाषा. श्यामची गोष्ट मोठ्या श्यामच्या शब्दांत आहे, हमीदची प्रेमचंदांच्या. मूल जसे विचार करते तशाच वाक्यांत, त्याच्याच अतिशयोक्तीत आणि त्याच्याच विसंगतीत कथा सांगण्याचे काम मराठीत पुढे प्रकाश नारायण संत यांच्या लंपनने केले. १९९४ च्या ‘वनवास’पासून हा मुलगा स्वतःच बोलू लागला, आणि त्याला समजावून सांगणारा कोणी प्रौढ निवेदक त्याच्या मागे उभा राहिला नाही. श्याम आणि हमीद वाचून मग लंपन वाचला की बालपणाच्या कथेत निवेदक किती अंतरावर उभा राहू शकतो याच्या तिन्ही पायऱ्या दिसतात. वरून पाहणारा, मागे वळून पाहणारा, आणि आतूनच बोलणारा.

‘ईदगाह’ लिहिल्यानंतर वर्षभरातच, १९३४ मध्ये, प्रेमचंद चित्रपटासाठी लिहायला मुंबईत आले आणि गिरणी कामगारांवरच्या ‘मजदूर’ची कथा त्यांनी लिहिली. मागांचे शहर भिवंडी तिथून फार दूर नव्हते. आज या शहरातल्या शिक्षकांनी एक करावे. गणपतीच्या किंवा ईदच्या आधीच्या आठवड्यात मराठी वर्गात चिमटा वाचावा आणि उर्दू वर्गात कोट. वेळ कमी असेल तर जत्रेतली मिठाई गाळावी, कापडाचा हिशेब गाळावा, पण हमीदला आई-बापांविषयी काय सांगितले आहे तो परिच्छेद आणि आश्रमातल्या संध्याकाळचा परिच्छेद कधीही गाळू नये.